भंगाराचे वजन, भागाचे मोल

ग्राहकांनी परत केलेल्या वस्तूंमधून चांगले सुटे भाग काढून ते दुरुस्तीसाठी वापरावेत, ही कल्पना कुणालाही पटण्यासारखी आहे. ती प्रत्यक्षात येत नाही याचे मुख्य कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे नाही. काढलेल्या भागाविषयी खात्रीची माहिती नसणे आणि टाकाऊ मालाचा हिशेब केवळ वजनात मांडणारी कायद्याची चौकट, या दोन गोष्टी तिच्या आड येतात.

शहरातील बहुतेक घरांना हा अनुभव नवा नाही. पाच-सहा वर्षे बिनतक्रार चाललेले धुलाईयंत्र एके दिवशी बंद पडते. तंत्रज्ञ येतो, यंत्र उघडतो आणि ‘बोर्ड गेला’ असे सांगतो. पाठोपाठ दुसरे वाक्य येते: ‘हे मॉडेल बंद झाले आहे, पार्ट येत नाही. नवीनच घ्या.’ यंत्राची मोटर, पिंप, दार, पंप सारे ठणठणीत असते. पण हाताच्या पंजाएवढ्या एका भागापायी पन्नास-साठ किलोंचे यंत्र भंगारात जाते. त्याच वेळी त्याच मॉडेलचे, वाहतुकीत चेपल्यामुळे परत आलेले पण बोर्ड शाबूत असलेले यंत्र भिवंडीच्या किंवा दिल्लीजवळच्या एखाद्या गोदामात लॉटमध्ये विकले जाण्याची वाट पाहत असू शकते. एकाला ज्याची गरज आहे ते दुसऱ्याकडे पडून आहे. परंतु या दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्था आपल्याकडे जवळपास नाही. व्यवस्थापनशास्त्रात ‘रिव्हर्स लॉजिस्टिक्स’ म्हणून ओळखला जाणारा मालाचा परतीचा प्रवास आता केवळ कंपन्यांच्या गोदामप्रमुखांचा विषय राहिलेला नाही, तो याचसाठी.

परतीची वाट बिकट

कारखान्यातून ग्राहकाकडे माल पाठवणे हे तुलनेने सरळ काम आहे. माल एकसारखा असतो, त्याची संख्या ठाऊक असते आणि तो कुठे जायचा हेही ठरलेले असते. परतीचा प्रवास याच्या नेमका उलटा. हजारो घरांतून एकेक वस्तू निघते. ती केव्हा येईल आणि कोणत्या अवस्थेत येईल, हे आधी सांगता येत नाही. काही वस्तूंचे खोकेही उघडलेले नसते. काही उघडून पाहिलेल्या पण निर्दोष असतात. काहींत किरकोळ दोष असतो, तर काही खरोखरच निकामी झालेल्या असतात. बाहेरून मात्र चारही खोकी सारखीच दिसतात. त्यांतील फरक कळण्यासाठी प्रत्येक वस्तू कुणीतरी उघडून, जोडून, चालवून पाहावी लागते.

खरी मेख येथे आहे. तपासणीचा खर्च वस्तूच्या किमतीनुसार कमी होत नाही. पन्नास हजारांचा फोन तपासायला जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच दोन हजारांचे मिक्सर तपासायला लागतो. त्यामुळे महाग वस्तू तपासल्या जातात, दुरुस्त होऊन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकल्या जातात. स्वस्त वस्तू न तपासताच घाऊक भावाने, लॉटच्या लॉट फुंकल्या जातात. लॉट विकत घेणाऱ्यालाही आत काय आहे याचा अंदाजच असतो. म्हणून तो भाव पाडून मागतो, आणि भाव पडलेला असल्याने विकणाऱ्याला तपासणीचा खर्च परवडत नाही. हे चक्र असेच फिरत राहते. अशा रीतीने मालाबरोबर मालाविषयीची माहितीही हरवते, आणि माहिती नसलेल्या मालाला बाजारात धातूपलीकडे किंमत उरत नाही.

आयबीएमचा धडा

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ज्या कंपन्यांनी केला, त्यांत आयबीएमचे उदाहरण बोलके आहे. भाडेपट्टीची मुदत संपल्यावर किंवा ग्राहकाने नवे यंत्र घेतल्यावर या कंपनीकडे जुनी संगणकयंत्रे मोठ्या प्रमाणावर परत येत. दुसरीकडे जगभरच्या ग्राहकांची यंत्रे चालू ठेवण्यासाठी तिला सुट्या भागांचा मोठा साठा बाळगावा लागे. परत आलेली यंत्रे मोडून त्यांतून हे भाग मिळवता येतील का, याचा शोध कंपनीने सुरू केला. मोरिट्झ फ्लाइशमान, यो फान न्यूनेन आणि बेन ग्रेव्हे या तिघांनी २००३मध्ये ‘इंटरफेसेस’ या नियतकालिकात त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे निष्कर्ष दोन. पहिला असा, की नव्या भागांच्या खरेदीत होणारी बचत परतीच्या प्रवासावरील खर्चापेक्षा पुष्कळच अधिक भरते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे: ही व्यवस्था कार्यक्षम होण्याची किल्ली माहितीच्या व्यवस्थापनात आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कोणत्याही उपकरणाचे उत्पादन काही वर्षांनी थांबते, पण ते वापरणारे लोक पुढेही कित्येक वर्षे असतात. उत्पादन थांबताना कंपनी सुट्या भागांची शेवटची मोठी खरेदी करून ठेवते. ती कमी पडली तर ग्राहक अडतो. जास्त झाली तर माल गोदामात सडतो. परत येणारी यंत्रे हा या पेचावरचा नैसर्गिक उपाय ठरू शकतो. ज्या काळात नवा भाग मिळेनासा होतो, नेमक्या त्याच काळात जुनी यंत्रे मोठ्या संख्येने परत येऊ लागतात. परंतु कोणत्या यंत्रात कोणता भाग आहे, तो किती वापरला गेला आहे आणि त्याची गरज कुठे आहे, या तीन गोष्टी एकत्र कळल्या तरच हे जमते. त्या कळल्या नाहीत तर यंत्र सरसकट मोडावे लागते आणि नको असलेल्या भागांचे ढीग साचतात.

ही दृष्टी आपल्याला परकी आहे असेही नाही. एसटीच्या कार्यशाळांत झिजलेल्या टायरवर नवा रबर चढवून ते पुन्हा रस्त्यावर येतात. तेथे हे साधते, कारण मालक एकच असतो, टायर कोणत्या गाडीचा आणि किती धावला याची नोंद असते, आणि तो पुन्हा चालवण्यायोग्य आहे का हे ठरवणारा माणूस जबाबदार असतो. घरगुती वस्तूंच्या बाजारात या तिन्ही गोष्टींची वानवा आहे.

कागद हाच खरा भाग

जुन्या भागांचा सर्वांत शिस्तबद्ध बाजार विमानक्षेत्रात आहे, आणि सुरक्षिततेची सर्वांत मोठी जोखीमही तेथेच आहे. हे वरकरणी विसंगत वाटेल. निवृत्त झालेली विमाने उलगडून त्यांचे इंजिनाचे भाग, चाके, उपकरणे अन्य विमानांत रीतसर बसवली जातात. अधिकृत संस्थेने तपासून दिलेले प्रमाणपत्र सोबत असल्याखेरीज असा भाग बसवता येत नाही. ज्या भागांचे आयुष्य ठरावीक उड्डाणांपुरते असते, त्यांचा तर पहिल्या दिवसापासूनचा इतिहास दाखवावा लागतो. कागद हरवला तर लाखो रुपयांचा भाग निव्वळ धातू ठरतो.

अर्थात कागदही खोटा असू शकतो. ब्रिटनमधील एओजी टेक्निक्स या पुरवठादाराने बनावट कागदपत्रांसह इंजिनांचे भाग विकल्याचे २०२३मध्ये उघडकीस आले. त्यांतील बरेचसे भाग सीएफएम ५६ या जगभर वापरल्या जाणाऱ्या इंजिनांसाठी होते. अनेक विमान कंपन्यांना इंजिने तपासून संशयित भाग काढावे लागले. या प्रकरणातून जुन्या भागांवर बंदी घालावी असा निष्कर्ष कुणी काढला नाही. कागदाची शहानिशा अधिक कडक व्हावी असाच काढला. आपल्याकडे मात्र दुरुस्तीच्या बाजारात गैरप्रकार दिसला की ‘जुने नकोच’ असे म्हणण्याकडे कल असतो.

माहिती हरवलेल्या भंगाराने काय होऊ शकते याचे भीषण उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्ली विद्यापीठातील एक जुने किरणोत्सारी उपकरण २०१०मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते कापले गेले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. अनेक जणांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. ती वस्तू काय आहे हे सांगणारी माहिती तिच्यासोबत गेली असती तर हे टळले असते. वजनावर विकलेली वस्तू आतून काय आहे, याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

फ्रान्सने मोटारींच्या बाबतीत मधला मार्ग काढला. १ जानेवारी २०१७पासून तेथील गॅरेजवाल्यांना ठरावीक प्रकारच्या दुरुस्तीत ग्राहकापुढे जुन्या पण वापरण्याजोग्या भागांचा पर्याय ठेवणे बंधनकारक झाले. बाह्यभाग, दिवे, आतील गाद्या, यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक भाग यांना हा नियम लागू आहे. मात्र ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांना गाडीशी जोडणारे भाग त्यातून वगळले आहेत. निर्णय ग्राहकाचा, पर्याय देण्याचे बंधन व्यावसायिकाचे आणि धोक्याच्या भागांना अपवाद, अशी ही त्रिसूत्री आहे. त्यामुळे मोडीत निघालेल्या गाडीच्या दाराला कायद्याने मान्यता दिलेला ग्राहक मिळाला.

आपला कायदा काय मोजतो?

भारतात या क्षेत्रात कायदे नाहीत असे नव्हे. उलट गेल्या काही वर्षांत ते झपाट्याने आले. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. उत्पादकाने बाजारात आणलेल्या मालाच्या प्रमाणात पुनर्चक्रीकरण करून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. पहिल्या दोन वर्षांसाठी हे प्रमाण ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८पासून ८० टक्के ठरले. उत्पादकाने हे प्रमाण नोंदणीकृत केंद्रांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन गाठायचे. ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंच्या पुनर्प्राप्तीशी जोडलेली आहेत. आयुष्य संपलेल्या वाहनांसाठी २०२५मध्ये आलेल्या नियमांतही उत्पादकाची जबाबदारी मुख्यतः पोलादाच्या वजनात मोजली आहे.

हेतू स्तुत्य आहे. उघड्यावर तारा जाळून आणि आम्लात बोर्ड बुडवून धातू काढणाऱ्या धंद्याला आळा बसावा, अशी त्यामागची इच्छा आहे. परंतु मोजमापाची पद्धत वर्तनाला वळण लावते. चालू स्थितीतला बोर्ड तपासून बाजूला काढला तर केंद्राच्या खाती तितके तांबे कमी जमा होते. तोच चुरला तर प्रमाणपत्र मिळते. बोर्डातील तांब्या-सोन्याची किंमत आणि चालू बोर्डाची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तरीही व्यवस्थेचा ओढा चुरण्याकडे राहतो.

नियमांत दुरुस्तीची दखल मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदणीकृत दुरुस्ती केंद्राने उपकरणाचे आयुष्य वाढवले तर उत्पादकाची तेवढी जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातील ७५ टक्केच त्याच्या खाती जमा होते. म्हणजे २५ टक्क्यांची सूट आहे. तरतूद चांगली आहे, पण तिचा रोख संपूर्ण उपकरणावर आहे. एका मृत यंत्रातून काढलेल्या तीन चांगल्या भागांनी दुसरी तीन यंत्रे जगवली, तर त्या भाग काढणाऱ्याला वेगळे श्रेय देणारा स्पष्ट हिशेब या चौकटीत दिसत नाही. वास्तविक वस्तू वाचवण्याचा हा सर्वांत फलदायी प्रकार आहे. २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने २०२४मध्ये नोंदवले. या आकड्यांकडे पाहता, कचऱ्याच्या ढिगात जाण्याआधीच भाग वाचवणे किती निकडीचे आहे हे वेगळे सांगायला नको.

कौशल्य आहे, मान्यता नाही

मुंबईत कुर्ल्याच्या मोटार भंगारबाजारात किंवा लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गाच्या गल्ल्यांत फेरफटका मारला, तर ही विद्या आपल्याकडे किती मुरलेली आहे ते दिसते. कोणत्या गाडीचा आरसा कोणत्या दुसऱ्या मॉडेलला चालतो, कोणत्या बोर्डावरची कोणती चिप पुन्हा जगते, हे ज्ञान तेथील कारागिरांच्या बोटांत असते. परतीच्या मालाचे खरे तज्ज्ञ हेच आहेत. पण त्यांचा व्यवहार बिलावाचून, हमीवाचून चालतो. ग्राहकाला जुना भाग नवा म्हणून दिला जातो, चोरीच्या गाडीचे भाग चांगल्या भागांत मिसळतात, आणि काही बिघडले तर दाद कुणाकडे मागायची हे कळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुनी वा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. म्हणजेच कायद्याचा आक्षेप फसवणुकीला आहे, जुन्या भागाला नाही. ही बाब ना विक्रेते ध्यानात घेतात, ना ग्राहक.

दुसऱ्या टोकाला कंपन्या आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात उपलब्ध करून देत नसल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे हे प्रकरण अपिलात गेले, पण भागांवरील मक्तेदारीचा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. मोबाइल फोनमध्ये या मक्तेदारीचे रूप सूक्ष्म झाले. पडदा, बॅटरी, कॅमेरा यांना क्रमांक देऊन ते संगणकीय आज्ञावलीने त्या एकाच फोनशी जखडले जाऊ लागले. मग दुसऱ्या फोनमधला अस्सल भागही पूर्ण क्षमतेने चालेना. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने मार्च २०२४मध्ये कायदा करून या प्रथेला बंदी घातली. त्यानंतर महिन्याभरातच ॲपलने आपल्या निवडक फोनमध्ये वापरलेले अस्सल भाग बसवू देण्याचे जाहीर केले. सोबत, हरवलेल्या वा चोरीच्या फोनमधील भाग ओळखून अडवण्याची सोयही केली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की भागावरचा क्रमांक दुरुस्ती रोखायलाही वापरता येतो आणि चोरी रोखायलाही. साधन एकच, त्याचा उपयोग कुणाच्या बाजूने होतो हा धोरणाचा प्रश्न आहे.

आक्षेप आणि वाट

जुन्या भागांच्या वापराविरुद्धचे सगळेच आक्षेप स्वार्थापोटी घेतलेले नसतात. पंधरा वर्षांपूर्वीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जपून ठेवल्याने वीज जास्त जळत असेल, तर ती बचत फसवी आहे. लिथियम बॅटरीसारखा भाग नीट न तपासता पुन्हा वापरणे आगीला निमंत्रण आहे. शिवाय परत आलेल्या वस्तूंतील पुष्कळ भागांना मागणीच नसते. ते धातूसाठीच जायला हवेत. म्हणूनच ‘सगळे वाचवा’ ही घोषणा निरुपयोगी आहे. काय वाचवायचे आणि काय चुरायचे, हे ठरवण्याची क्षमता निर्माण करणे हे खरे काम आहे.

त्यासाठी चार गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. ई-कचरा आणि वाहनांच्या नियमांत तपासून, नोंद करून पुन्हा वापरात आणलेल्या भागाला धातूच्या वजनापेक्षा अधिक श्रेय मिळावे. अशा भागावर ‘तपासलेला जुना भाग’ अशी स्पष्ट चिठ्ठी, तो कोणत्या उपकरणातून काढला याचा क्रमांक आणि ठरावीक महिन्यांची हमी असावी. फ्रान्सप्रमाणे दुरुस्ती केंद्रांनी ग्राहकापुढे दोन्ही दर ठेवावेत, आणि ब्रेक, बॅटरीसारखे भाग यातून वगळावेत. चौथी गोष्ट म्हणजे कुर्ल्यातल्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातल्या कारागिराला या व्यवस्थेत नोंदणी, प्रशिक्षण आणि बिलबुक घेऊन प्रवेश मिळावा. तसे झाले नाही तर मोठ्या केंद्रांची सोय होईल आणि ज्यांच्याकडे कौशल्य आहे त्यांची रोजी जाईल.

धोरणाची दारे बंद आहेत अशी स्थिती नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले आणि दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या आराखड्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये आपला अहवाल दिला. सुटे भाग किती सहज मिळतात हा त्या निर्देशांकाचा एक निकष आहे. युरोपीय संघ याही पुढे गेला आहे. तेथे धुलाईयंत्रांचे काही सुटे भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. २०२४च्या दुरुस्तीविषयक निर्देशाने तर वापरलेल्या भागांनी दुरुस्ती करण्यास अडथळा आणणाऱ्या अटी आणि तांत्रिक कुलुपे यांवरच बोट ठेवले. सदस्य देशांना त्याच्या अंमलबजावणीसाठी ३१ जुलै २०२६ ही मुदत दिली गेली. भारतात सर्व उपकरणांना लागू होणारे असे कालबंधन नाही.

निर्देशांकात ‘सुटे भाग मिळतात का’ एवढेच विचारून भागणार नाही. परत आलेल्या मालातून काढलेला, तपासलेला भाग ग्राहकाला हमीसह मिळतो का, हेही त्यात विचारले गेले पाहिजे. तो प्रश्न विचारला गेला तर कंपन्यांना परतीच्या मालाची नोंद ठेवावी लागेल. आणि एकदा नोंद झाली की लॉटच्या लॉट अंधारात विकणे त्यांनाच तोट्याचे वाटू लागेल. भंगाराचा काटा वजन अचूक सांगतो, पण त्यावर ठेवलेला बोर्ड अजून चालतो की नाही हे त्याला सांगता येत नाही. ते सांगणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांचे म्हणणे कायद्याच्या हिशेबात धरले जाते का, यावर मध्यमवर्गीय घराचा दुरुस्तीचा खर्च आणि हजारो कारागिरांची रोजी, दोन्ही अवलंबून आहे.